बंकर हिल: पाडलेल्या वस्तीचा जपून ठेवलेला पुरावा

एखादी वस्ती पाडायची असली की आधी तिची बदनामी केली जाते. ‘बकाल’, ‘धोकादायक’, ‘गुन्हेगारांचा अड्डा’ असे शब्द सरकारी फायलींत शिरतात. मग आराखडा येतो आणि शेवटी बुलडोझर. वस्ती जाते, फाईल राहते. पुढे इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती लागते ती हीच फाईल.

लॉस एंजेलिसच्या बंकर हिल या टेकडीचेही असेच झाले असते. १९व्या शतकाच्या अखेरीस तिथे श्रीमंतांचे वाडे होते. धनिक दुसरीकडे निघून गेले आणि त्याच वाड्यांत खोल्या पाडून भाडेकरू ठेवले गेले. पेन्शनवर जगणारे वृद्ध, मजूर, स्थलांतरित अशी तिथली वस्ती. शहराच्या पुनर्विकासासाठी १९४८ साली एजन्सी स्थापन झाली आणि १९५९ साली नगर परिषदेने बंकर हिल पाडण्याची योजना मंजूर केली.

याच काळात केंट मॅकेंझी हा तरुण युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियामध्ये सिनेमा शिकत होता. घरे जाणार या धास्तीत जगणाऱ्या इथल्या वृद्धांवर त्याने १९५६ साली एक लघुपट केला. पुढे त्याचे लक्ष गेले ते याच परिसरातल्या मूळ अमेरिकी जमातींच्या तरुणांकडे, ज्यांना आपण ‘रेड इंडियन’ म्हणत आलो. अमेरिकी सरकार त्या वेळी या जमातींना राखीव प्रदेशांतून शहरांत हलवत होते. नोकरीचे, प्रशिक्षणाचे आमिष होते, १९५६ साली त्यासाठी कायदाही झाला. म्हणजे एका सरकारी योजनेने गावाबाहेर काढलेली माणसे, दुसऱ्या सरकारी योजनेने पाडल्या जाणाऱ्या घरांत राहत होती.

त्यांच्यावर मॅकेंझीने केलेला सिनेमा म्हणजे ‘द एग्झाइल्स’, अर्थात ‘निर्वासित’. शुक्रवारची संध्याकाळ ते शनिवारची पहाट, जेमतेम बारा तासांची गोष्ट. गरोदर इवॉन बाजार करते, स्वयंपाक करते, मग एकटीच सिनेमाला जाते. तिचा नवरा होमर मित्रांबरोबर दारू आणि पत्त्यांत रात्र घालवतो. बार बंद झाल्यावर सगळे एका टेकडीवर जमतात, ढोल वाजवतात, आपल्या जमातीची गाणी गातात. खाली शहराचे दिवे चमकत असतात. यात एकही व्यावसायिक नट नाही. तिथलीच माणसे स्वतःच्या नावाने पडद्यावर वावरतात.

मग हा सिनेमा म्हणजे निखळ वास्तव का? या प्रश्नाचे उत्तर मॅकेंझीने मागे ठेवलेल्या कागदांत आहे. निर्मितीसाठी लिहिलेले प्रस्ताव त्याने जपले. शिवाय हा सिनेमा कसा घडला, यावर १९६४ साली पदव्युत्तर प्रबंधच लिहिला. पैसे नव्हते, म्हणून मोठ्या निर्मात्यांच्या चित्रीकरणातून उरलेले फिल्मचे तुकडे वापरावे लागले. काम सुमारे तीन वर्षे रखडत चालले. चित्र आणि आवाज एकत्र नोंदवलेले नाहीत, पडद्यावरचे बोलणे नंतर ध्वनिमुद्रित करून जोडलेले आहे. मनातले बोलणे म्हणून जे ऐकू येते, ते त्या माणसांच्या मुलाखतींतून घेतले आहे.

इतिहासाच्या दृष्टीने हे कागद सिनेमाइतकेच मोलाचे आहेत. कुठे खरे आयुष्य आहे आणि कुठे जुळवाजुळव, हे त्यांच्यामुळे कळते. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. चौकट ठरवणारा बाहेरचा, गोरा माणूस होता. दारू, मारामारी, बायकांवरची जबरदस्ती त्याने लपवली नाही. पण बारा तास म्हणजे कुणाचे संपूर्ण आयुष्य नव्हे आणि चार मित्र म्हणजे सारी जमात नव्हे. सिनेमा साक्ष देतो. ती तपासावी लागतेच.

१९६१ साली व्हेनिस महोत्सवात सिनेमा दाखवला गेला, तरी व्यावसायिक वितरक मिळाला नाही. इकडे टेकडीवरची घरे एकेक करून गेली. चढावर लोकांची ने-आण करणारी ‘एंजल्स फ्लाइट’ ही छोटी रेल्वे १९६९ साली बंद पडली. पुढे त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. मॅकेंझी १९८० साली, वयाच्या पन्नाशीत वारला. २००३ साली थॉम अँडरसनने लॉस एंजेलिसवरच्या आपल्या माहितीपटात यातली दृश्ये वापरली, तेव्हा लोकांना या सिनेमाची आठवण झाली. यूसीएलएच्या फिल्म संग्रहालयाने तो दुरुस्त केला आणि २००८ साली, म्हणजे ४७ वर्षांनी, तो चित्रपटगृहांत लागला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली.

यामुळे बंकर हिलच्या लोकांना घरे परत मिळाली नाहीत. पण ‘तिथे बकालीशिवाय काही नव्हते’ हे म्हणणे आता सहज खपणार नाही. तिथे भाजी घेणारी बाई होती, गावाकडून आलेले पत्र वाचणारा तरुण होता, पहाटे घराकडे परतणारी पोरे होती.

पाडणाऱ्यांची कागदपत्रे सांभाळायला कचेऱ्या असतात. राहणाऱ्यांचे फोटो, कॅसेट, वह्या, भाडेपावत्या मात्र घर बदलताना रद्दीत जातात. कुठल्याही मोहल्ल्याला आपली तवारीख सांगायची असेल तर आधी ही रद्दी वाचवायला हवी. आणि फोटोमागे साल व जागा लिहून ठेवायला हवी, नाहीतर पन्नास वर्षांनी तोही मुका होतो.