परगावचे ताट

संत्रा हातावर तोलून पाहण्याची सवय नरखेड तालुक्यातल्या माणसाला लहानपणापासून असते. दिसायला मोठा, पिवळाधमक, पण हाताला हलका लागणारा संत्रा तो बाजूला ठेवतो. त्याची साल सुटलेली असते, आत पोकळी असते आणि रस बेताचाच असतो. आठवडी बाजारात टोपलीपाशी बसून ही पारख करता येते. गाडी फलाटावर दोन मिनिटे थांबली असताना खिडकीतून घेतलेल्या जाळीतल्या संत्र्याची करता येत नाही. वरची चार फळे दिसतात, पैसे दिले जातात आणि गाडी सुटते. घेणारा उद्या भांडायला येणार नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. सुट्टीत परक्या शहरात जेवायला जागा शोधणारे कुटुंब नेमके या खिडकीतल्या प्रवाशाच्या जागी असते.

प्रश्न नीट मांडू. काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधी तपासता येतो, काहींचा वापरल्यावरच कळतो. जेवण दुसऱ्या प्रकारात मोडते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की माल कसा आहे हे विकणाऱ्यालाच माहीत असेल आणि घेणारा अंधारात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. तरीही प्रत्येक गावात चांगल्या खानावळी टिकून आहेत. याचे मुख्य कारण म्हणजे तिथे जेवून गेलेला माणूस पुन्हा येतो. एकदा फसवून त्याच्याकडून चाळीस रुपये जास्त काढले, तर वर्षभराचे जेवण हातचे जाते.

म्हणून या विवेचनात गिऱ्हाइकाचे दोन प्रकार धरतो: परतणारे आणि वाटेवरचे. माझे म्हणणे एवढेच, की परक्या गावात चांगले जेवण शोधू नये, परतणारे गिऱ्हाईक शोधावे. जेवण त्याच्या मागोमाग सापडते.

यावर कुणी म्हणेल, मग गर्दी असेल तिथे शिरावे. इथेच घोटाळा आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ मध्ये एका शोधनिबंधात शेजारशेजारच्या दोन उपाहारगृहांचा दाखला दिला आहे. पहिले किंचित बरे असावे, असा सर्वांचा सुरुवातीचा समज आहे. शंभर माणसांपैकी नव्याण्णवांना दुसरे चांगले असल्याची खूण मिळाली आहे, एकालाच पहिले चांगले असल्याची. तो एकटा नेमका आधी येतो आणि पहिल्यात शिरतो. पुढचा त्याला पाहतो. आपली खूण आणि त्याची खूण एकमेकींना छेद देतात, मग उरतो तो मूळचा समज. म्हणून तोही पहिल्यात जातो. तिसरा, चौथा, सगळे तिथेच. शहाणी माणसे शहाणपणानेच चुकीच्या दारात जमतात. अशा गर्दीत शंभर मते नसतात, एकच मत शंभरदा उमटलेले असते. मात्र काल जेवून आज पुन्हा आलेल्या माणसाने दुसऱ्याची पाठ पाहून जागा निवडलेली नसते, त्याला स्वतःच्या जिभेने सांगितलेले असते. तेव्हा गर्दी मोजण्याला अर्थ नाही, ती कुणाची आहे हे पाहावे.

हे कसे ओळखायचे? रविवारी संध्याकाळी नाही, तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी एकच्या सुमारास पाहावे, कारण तेव्हा कामावरची माणसे जेवतात. नागपुरात गोळीबार चौकाच्या बाजूला एका सावजी खानावळीत मी हे जवळून पाहिले. माझ्यासमोर एक साठीचे गृहस्थ येऊन बसले. त्यांनी तोंड उघडण्याआधी ताट आले: भाकरी, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, वाटीत काळपट तर्रीचा रस्सा. रस्सा अर्धा झाला तेव्हा वाढणाऱ्या पोराने न विचारता वाटी भरली आणि विचारले ते एवढेच, “काका, आज भात नाही?” त्या एका प्रश्नात ती खानावळ मला कळली. भिंतीला टांगलेली महिन्याच्या हिशेबाची वही, गल्ल्यापाशी ओळीने ठेवलेले, भरून नेण्यासाठी घरून आलेले डबे, पंगतीतल्या कुणाच्याही हातात मेन्यूकार्ड नसणे, ही सगळी त्याच जातीची लक्षणे.

सावजी जेवणाचा उगम पाहिला की हे अधिक उलगडते. हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे जेवण. मागावरचे काम घटत गेले तशी अनेक घरांनी खानावळीची वाट धरली, आणि पहिली गिऱ्हाइके त्यांच्याच वस्तीतली होती. रस्सा कसा असावा हे ज्याला आईच्या हातून माहीत आहे, त्याच्यापुढे पातळ रस्सा खपत नाही. म्हणून कोणत्याही शहरात तिथले लोक घरी आणि रोज जे खातात, ते आधी मागावे. नागपुरात सकाळी तर्री पोहे, दुपारी पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा. मात्र ‘सावजी’ ही पाटी आता पुण्या-मुंबईतही दिसते आणि ती कुणालाही रंगवता येते. पाटी खूण म्हणून जितकी पसरते, तितकी तिची साक्ष पातळ होते.

मेन्यूची लांबी ही दुसरी मोठी खूण. समजा दुपारी ऐंशी ताटे जातात आणि कार्डावर एकशे साठ पदार्थ आहेत. म्हणजे प्रत्येकाने एकेक वेगळा पदार्थ मागवला, तरी निम्मे पदार्थ त्या दुपारी कुणी मागतच नाही. त्यांचे सामान एकतर फ्रिजमध्ये पडून राहते, नाहीतर सगळ्यांना एकाच वाटणावर भागवावे लागते. एका थंड हवेच्या ठिकाणी रिक्षावाल्याने नेलेल्या हॉटेलात आम्ही कोफ्ता, पनीर आणि मिक्स व्हेज अशा तीन भाज्या मागवल्या. तिन्ही वाट्यांत तीच केशरी ग्रेव्ही होती. मुलीने डोळे मिटून तिन्ही चाखल्या आणि तिला एकही ओळखता आली नाही. सहाच पदार्थ करणाऱ्याकडे प्रत्येक पातेले रोज रिकामे होते.

त्या रिक्षावाल्याला आम्ही प्रश्नच चुकीचा विचारला होता. “इथे चांगले हॉटेल कोणते?” म्हटले की माणूस पाहुण्याला शोभेल असे, किंवा कमिशन मिळेल असे नाव सांगतो. “भाऊ, तुम्ही स्वतः कुठं जेवता?” असे विचारले की तो क्षणभर थांबतो आणि मग बहुधा खरे बोलतो. औषधाच्या दुकानातला माणूस, बँकेतला शिपाई, लॉजचा रात्रपाळीचा माणूस, यांनाही हाच प्रश्न.

मोबाईलवरच्या ताऱ्यांचे काय? अर्थशास्त्रज्ञ मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या उपाहारगृहांचा अभ्यास करून दाखवले, की येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की स्वतंत्र उपाहारगृहाचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. ज्या खुणेला एवढी किंमत आहे, ती बनावट करण्याचा मोहही तेवढाच. म्हणून मी सरासरी पाहत नाही. तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचतो, त्यातही पदार्थाचे नाव घेऊन लिहिलेले.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे, तो पाहावा. तळणाच्या तेलात ते पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांना १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यांचे प्रमाण आपल्याला मोजता येत नाही, पण काळे, फेसाळणारे, धुरकट तेल डोळ्यांना दिसते. वाफ निघत असलेले घ्यावे, कोमट टाळावे.

आता अपवाद, कारण नियमाची ताकद तिथेच कळते. शेगावची कचोरी रेल्वे फलाटावर नावारूपाला आली. मग फलाटाचा नियम खोटा? मला वाटते, नाही. त्या मार्गावर ये-जा करणारा प्रवासी पुन्हा पुन्हा त्याच स्टेशनावरून जातो. गाव बदलले तरी गाडी तीच, म्हणजे तो परतणाराच. हमरस्त्यावरच्या ज्या ढाब्यापुढे ट्रक उभे असतात, तिथेही हेच. दुसरा अपवाद वेगळ्या मुळाचा आहे. त्याच शेगावात गजानन महाराज संस्थानाचा महाप्रसाद मिळतो. तिथे बहुसंख्य माणसे बाहेरगावची असतात, पण विक्रीच नसल्याने फसवण्याचे कारण उरत नाही. खरी अडचण होते ती फक्त पर्यटकांवर जगणाऱ्या गल्लीत. तिथून दोन चौक आत चालत जावे, म्हातारी माणसे सोबत असतील तर रिक्षा करावी.

राहता राहिला दिवसांचा हिशेब. तीन दिवसांच्या मुक्कामात सहा मोठी जेवणे होतात. पहिल्या दिवशी नवीन जागा पाहाव्यात आणि एक प्लेट मागवून चौघांनी चाखावी. पटली नाही तर पैसे देऊन उठावे, त्यात संकोच नको. पुढे उरलेली जेवणे जसजशी कमी होतात, तसतसा नव्या शोधाचा फायदा घटतो, कारण चांगली जागा सापडली तरी तिथे पुन्हा जायला वेळ नसतो. म्हणून शेवटचे जेवण आधी आवडलेल्या जागीच घ्यावे. आम्ही तसे करतो. मागच्या खेपेला परतीच्या गाडीआधी आधी आवडलेल्या एका खानावळीत पुन्हा शिरलो, तर गल्ल्यावरच्या बाईंनी मुलीकडे पाहून आत आवाज दिला, “परवाचेच लोक आहेत, पोरीची भाजी कमी तिखट टाक.”