निळा पडदा (विंडोज)

विंडोज प्रणालीत न सावरता येणारा बिघाड झाल्यावर दिसणारा (विंडोज ११ मध्ये २०२५ पर्यंत) निळ्या पार्श्वभूमीचा संदेश. सदोष ड्रायव्हर हे त्याचे नेहमीचे कारण. ग्राफिक्स कार्ड, वायफाय अशा भागांचे ड्रायव्हर बहुधा कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात चालतात; तिथे एकाने मेमरीत भलतीकडे हात घातला, तरी माहितीची नासधूस टाळण्यासाठी विंडोज स्वतःच सारे काम थांबवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने सदोष फाइल वाचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. अनेक ठिकाणी सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या ड्रायव्हरनिशी चालणाऱ्या अवस्थेत जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. घरच्या संगणकालाही हीच वाट उपयोगी: सेफ मोड, मग डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’. पडद्यावर ‘.sys’ने संपणारे, म्हणजे बहुधा ड्रायव्हरच्या फाइलचे, नाव दिसले, तर ते आधी टिपून घ्यावे. तपासात हा धागा उपयोगी पडू शकतो.