मुंबई ते लंडन विमानाला किती तास लागतात? आणि बोईसरहून घर सोडायचं कधी?

मुंबई ते लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साडेनऊ ते दहा तास लागतात, येताना साधारण नऊ. पालघर किंवा बोईसर-तारापूरमधून निघणाऱ्यांसाठी मात्र हे उत्तर अर्धंच आहे.

आधी आकाशातला हिशेब. 7,200 किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर. प्रत्यक्षात विमान नेमकं त्या रेषेवरून जात नाही. हवामान, युद्ध, बंद असलेली हवाई हद्द यानुसार वाट बदलते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. मुंबईहून निघालेल्या विमानाला अरबी समुद्रावरून जाता येतं, त्यामुळे इथला फटका तुलनेने कमी होता.

जाताना वेळ जास्त का? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात.

तिकिटावरची वेळ पाहून अनेकजण गोंधळतात. दुपारी 1 ला निघालेलं विमान संध्याकाळी साडेसहाला पोहोचतं असं दिसलं, तर प्रवास साडेपाच तासांचा नसतो. दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे इथे खरा प्रवास दहा तासांचा.

आता जमिनीवरचा हिशेब, आणि खरी परीक्षा इथेच आहे. बोईसर ते अंधेरी लोकलने साधारण दोन तास. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, पण विरारच्या पुढे फेऱ्या मोजक्याच. एक गाडी चुकली की पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर काढावा लागतो, तेही दोन मोठ्या बॅगा सांभाळत. सकाळच्या गर्दीत विरारनंतर त्या बॅगांसह अंधेरीला उतरणं हा वेगळाच पराक्रम. रस्त्याने चिल्हार फाट्यावरून राष्ट्रीय महामार्ग 48 धरला तर जवळपास 100 किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर अडीच तास, वसई खाडीच्या अलीकडे किंवा घोडबंदरच्या फाट्याजवळ अडकलात तर चार तासही जातात. तेवढ्यात मुंबईहून उडालेलं विमान 1,900 किलोमीटरवरच्या दुबईत उतरलेलं असतं!

आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचायला सांगतात, आणि चेक-इन काउंटर उड्डाणाच्या किमान तासभर आधी बंद होतो. त्यानंतर खाडीपुलावरची कोंडी हे कारण तिथे चालत नाही. म्हणून दुपारी 1 च्या विमानासाठी बोईसरहून सकाळी 6 ला निघालेलं बरं. पालघरकरांना अर्धा तास उशिरा निघूनही चालेल.

निघण्याआधी तिकिटावर विमानतळाचं नाव जरूर वाचा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरी-सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई, आणि बोईसरहून ते आणखी लांब पडतं.