वस्तरा नव्हे, लेखणी

तमिळ मुलखात ताडपत्रावर लिहिण्यासाठी जी लोखंडी लेखणी वापरत, तिला ‘एळुत्ताणी’ म्हणतात: एळुत्तु म्हणजे अक्षर, आणी म्हणजे खिळा. तिचे तीन प्रकार ठरलेले आहेत. गोल बोंडाची आखूड ती गुंडु एळुत्ताणी. एका टोकाला सुरी असलेली ती वार एळुत्ताणी. आणि सुरी व टोच दोन्ही मुठीत मिटणारी ती मडक्कु एळुत्ताणी. या तिसरीची टोच मोडली की उरते ती मूठ आणि मिटणारे पाते, आणि पाहणाऱ्याला ती न्हाव्याचा जुना वस्तरा वाटते.

सुरीचे काम लिहिण्याआधीचे. ताडाची पाने सुकवून, उकळून, घासून गुळगुळीत केली की त्यांच्या कडा एका मापात कापायच्या, दोरी ओवायला भोक पाडायचे. मग पान डाव्या हातात धरून टोचेने अक्षरे कोरायची. कोरलेले अक्षर फिकट दिसते. त्यावर काजळी चोळली की ते उठून येते. संस्कृत ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणे. तो अर्थ इथे शब्दशः खरा ठरतो.

व्यंकोजीराजे भोसले यांच्या वंशाची तंजावरची सत्ता 1855 मध्ये संपली, तोवर या भागात लेखनाच्या दोन रीती शेजारी नांदत होत्या. भोसल्यांच्या दप्तरात कागदावर बोरूने मोडी लिहिली जाई. तमिळ आणि ग्रंथ लिपीतल्या पोथ्या ताडपत्रावर कोरल्या जात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दोन्ही जपलेल्या आहेत.

पुढे छापखान्याने ताडपत्र मागे सारले. उ. वे. स्वामिनाथ अय्यर 1880 मध्ये तंजावरपासून सुमारे 40 किलोमीटरवरच्या कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात तमिळ शिकवू लागले. त्याच वर्षी तिथले मुन्सफ रामस्वामी मुदलियार यांनी त्यांचे लक्ष ‘जीवक चिंतामणी’ या जुन्या तमिळ काव्याकडे वेधले. अय्यरांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जमवल्या, पाठ ताडून पाहिले आणि 1887 मध्ये ते छापले. ज्या लेखण्यांनी असे ग्रंथ शतकानुशतके नकलून जिवंत ठेवले, त्यांना वस्तरा म्हणणे हा त्या नकलकारांवर अन्यायच आहे.

ओळख पटवणे अवघड नाही. वस्तऱ्याच्या पात्याची पाठ जाड असते, कारण चामड्यावर धार लावताना ती टेकवायची असते. पात्यामागे बोट ठेवायला शेपूट असते. पाने कापण्याच्या सुरीला या दोन्हींची गरज नाही. पण सगळ्यांत खात्रीचा पुरावा मुठीच्या दुसऱ्या टोकाला सापडतो: तिथली टोचेची रिकामी खाच. वस्तऱ्याला एकच पाते असते, टोचेसाठी जागा नसते.

घरात असे पाते निघाले तर त्याला धार लावू नये, घासून चकचकीत करू नये. आधी मुठीचे दुसरे टोक पाहावे.