पवनारच्या भगिनी आणि आपला विचार

भगिनींनो, स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय म्हणाल तर किराण्याची यादी आणि आपल्या भिशीची वही, एवढीच. परंतु श्रावणात मंगळागौरीचे खेळ झाल्यावर आपण अकरा जणी देवळाच्या ओट्यावर बसलो होतो आणि तेथे जो विषय निघाला, तो काही केल्या डोक्यातून जाईना.

विषय आपणांस ठाऊकच आहे. मुले पुण्याला, मुली आपापल्या घरी, मालक गेलेले, अशा दोन-चार जणींनी उतारवयात एका घरात नाहीतर लागून लागून असलेल्या घरांत, एका चुलीवर राहावे काय? कोणी हसल्या, कोणी ‘लोक काय म्हणतील’ म्हणाल्या. एकीने मात्र नीट प्रश्न विचारला, “असे कुठे कधी झाले आहे का, की आपणच नवे खूळ काढतो आहोत?” ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे दोन महिने गेले. वाचनालयातून पुस्तके आणली, काही माझ्या मुलीने मोबाईलवर वाचून दाखविले. त्यातून जे हाती लागले ते मांडते.

आधी घरचेच सांगते. मी लग्न होऊन ह्या गावी आले तेव्हा आमच्या वाड्यात एकोणीस माणसे एका चुलीवर जेवत होती. एकत्र राहणे आपल्याला नवीन आहे असे कोणी म्हणू नये. पण त्या चुलीपुढे कोणी बसायचे हे कोणी कोणाला विचारून ठरविलेले नव्हते. थोरल्या सासूबाईंच्या कमरेला किल्ल्या आणि धाकट्या सुनांच्या हाती परात. पुढे विहिरीच्या पाण्यावरून भांडण लागले आणि वाटण्या झाल्या. शेत, भांडी, गुरे, सारे वाटले गेले. राहिल्या फक्त आमच्या विधवा चुलत सासूबाई. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या जेवणाच्या पाळ्या लागल्या, एक महिना ह्या घरी, एक महिना त्या घरी. एकदा महिना बदलताना त्या ताट पुढे सारून म्हणाल्या, “मी काय पाळीचं पाणी आहे का गं?” मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी पाळी आमच्या घरची संपली होती, हे सांगितले पाहिजे.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या महाराष्ट्रात निराधार बायकांनी एकत्र राहून, कष्ट करून जगण्याचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, पुढे ते पुण्यास नेले. १८९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून उपाशी मुली आणि बायका त्यांनी सोडवून आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. विहिरी खणल्या, शेती, गाई, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळी कामे बायकाच करीत. अण्णासाहेब कर्व्यांचे हिंगण्याचे काम ह्याच काळातले. तेथे शिकलेल्या विधवा आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. परंतु ही घरे आश्रयाची होती. कोणी तरी थोर माणसाने छत्र धरले आणि दुःखी जीव त्याखाली आले. आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. छत्र धरणारे कोणी नाही. आपणच एकमेकींना धरायचे आहे.

म्हणून मला पवनार अधिक जवळचे वाटले. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी हे गाव लागते. १९३८ साली विनोबा प्रकृती खालावल्यामुळे गांधीजींच्या सल्ल्याने तेथे जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहावयास गेले. नदीचा पूल ओलांडताना मी सारे सोडले, असे मनाशी म्हणत ते गेले म्हणतात. तेथेच १९५० च्या सुमारास त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. कांचनमुक्ती म्हणजे पैशावाचून जगणे: बैल न लावता हाताने शेती करायची, विहीर स्वतः खणायची, सूत स्वतः कातायचे. १९५१ च्या मार्चमध्ये ते पवनार सोडून तेलंगणाकडे पायी निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीस त्यांना पहिले भूदान मिळाले. त्या वेळी पोचमपल्ली आणि आपले फुलंब्री एकाच हैदराबाद राज्यात होते, हे वाचून मला फार गंमत वाटली. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो.

भूदानाची यात्रा चालू असतानाच, २५ मार्च १९५९ रोजी, विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्यामंदिर स्थापन केले. हे बायकांचे घर. विनोबांचे म्हणणे असे होते की अध्यात्माच्या वाटेवर स्त्रियांना आजवर पुरुषांच्या मागून चालावे लागले; आता त्यांनी आपली साधना आपण करावी, आणि तीही एकेकटीने नव्हे, सामूहिक. निरनिराळ्या प्रांतांतून शिकलेल्या मुली घरदार सोडून आल्या. घरच्यांनी काय काय ऐकविले असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो! मुलगी लग्न करीत नाही आणि विधवाही नाही, तर ती आश्रमात कशाला, असे तेव्हा लोकांना वाटणारच.

मला त्यांच्या ध्यानापेक्षा त्यांच्या स्वयंपाकघराचीच उत्सुकता अधिक, हे कबूल करते. तेथे मोलकरीण नाही. स्वयंपाक, झाडलोट, संडास सफाई, शेत, गाई, सगळे आपसांत वाटून. छापखानाही चालविला, ‘मैत्री’ नावाचे हिंदी मासिक त्यांनीच काढले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तेथे मुख्य बाई कोणी नाही. निर्णय सर्वांच्या संमतीने होतो, बहुमताने नाही. एकीचे जरी मन नसले तरी ती गोष्ट बाजूला ठेवून थांबायचे. स्वतः विनोबा १९७० पासून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले, पण घराच्या किल्ल्या काही त्यांनी कमरेला लावल्या नाहीत. आमच्या वाड्याशी ताडून पाहिले तर फरक येथे आहे. वाड्यात पाळी धाकटीला लागे. पवनारला पाळी सर्वांना आहे आणि म्हणूनच तिचा कोणाला अपमान वाटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. विनोबांच्या आई रुक्मिणीबाईंना गीता ऐकायची फार हौस, पण संस्कृत कळत नसे. मराठीत सोपी गीता आणून दे, असे त्यांनी मुलाला सांगितले होते. त्या १९१८ साली वारल्या. १९३०-३१ साली विनोबांनी ‘गीताई’ लिहिली. आपल्या घरोघरी जे छोटे पुस्तक आहे ते एका फारसे न शिकलेल्या बाईच्या मागणीवरून झालेले आहे. म्हणून मागण्यास लाजू नये, असे मला वाटते.

पवनारला सारे गोड आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ते ब्रह्मचर्याचे व्रत आहे. आपण मुलाबाळांच्या, नातवंडांत जीव गुंतलेल्या बायका. शिवाय ज्या भगिनी तरुणपणी तेथे गेल्या त्या आता म्हाताऱ्या झाल्या आणि नव्या येणाऱ्या थोड्या. सर्वसंमती ही गोष्टही ऐकायला सोपी. आपल्याला सहलीचे ठिकाण ठरवायला तीन बैठका लागतात.

परदेशातही हा विचार झाला आहे, आणि तो संसारी माणसांनी केला आहे. डेन्मार्कमध्ये १९६७ साली एका बाईने वर्तमानपत्रात लिहिले की प्रत्येक मुलाला शंभर आईबाप असावेत. त्यातून काही कुटुंबे एकत्र आली आणि १९७२ साली सत्तावीस घरांची एक वसाहत झाली. प्रत्येकाचे घर स्वतंत्र, दाराला कडी स्वतंत्र. पण मध्ये एक सामाईक घर आणि त्यात मोठे स्वयंपाकघर. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला १९९३ पासून असेच एक घर आहे. नाव जिभेला जड आहे, म्हणून लिहीत नाही. चाळिशी ओलांडलेल्या आणि मुले घरातून गेलेल्या माणसांसाठी ते मुद्दाम बांधले. त्रेचाळीस बिऱ्हाडे, रात्रीचा स्वयंपाक पाळीपाळीने. दान नाही, आश्रय नाही. तेथील माणसांनी आपली म्हातारपणाची सोय आपणच करून ठेवली. सरपण म्हणा, गॅस म्हणा, पाणी म्हणा, चार चुलींपेक्षा एका चुलीला कमी लागते, हे तर टँकरची वाट पाहिलेल्या आपल्यासारख्या बायकांना कोणी शिकवायला नको.

मला वाटते की आपल्याला पवनारची पाळी हवी आणि डेन्मार्कची कडी हवी. एकीचे कपाट दुसरीने उघडू नये, पण एकीला ताप आला तर दुसरीला शेजारच्या खोलीत कळावे. पैसे कोणी किती घालायचे, जागा कोणाच्या नावावर, एखादी अंथरुणाला खिळली तर तिचे कोणी करायचे आणि तिच्या मुलांनी काय द्यायचे, हे सारे आधी कागदावर लिहिले पाहिजे. येथे भिडस्तपणा कामाचा नाही. वाड्यात आम्ही भिडेपोटी काहीच लिहिले नव्हते.

श्रावणातल्या त्या बैठकीत चुलत सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. परवा मी हा लेख त्यांना वाचून दाखविला. पाळीच्या पाण्याची गोष्ट छापू का, असे विचारले, तर म्हणाल्या, “छाप. आणि त्या अकरा जणींत माझं नाव धर, भाकरी मला अजून थापता येतात.”

दरवर्षी नोव्हेंबरात विनोबांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास पवनारला मित्रमिलन भरते, ठिकठिकाणची माणसे येतात. आपल्यापैकी चौघी-पाच जणींनी ह्या वर्षी जाऊन त्या भगिनींना स्वयंपाकाच्या पाळीबद्दल आणि आजारपणाबद्दल समक्ष विचारावे, असा विचार आहे. मी आणि सासूबाई जाणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी दिवाळीपूर्वी मंडळाच्या वहीत नाव लिहावे. अंथरूण-पांघरूण आपले आपण घ्यायचे आहे.