चौलची चावी: नगरच्या राज्याने समुद्र कसा गमावला

ज्यांना बसमध्ये, मेसवर किंवा रात्री इयरफोन न लावता वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ही आजच्या एपिसोडची लिखित आवृत्ती.

मागच्या वेळी आपण अमेरिकेने 2025 च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर लावलेल्या 50 टक्के टॅरिफबद्दल बोललो. त्यावर पाथर्डीच्या एका मित्राचा मेसेज आला, "दादा, सगळं ठीक आहे, पण आपल्या नगरला ना समुद्र, ना बंदर. या जागतिक व्यापाराच्या भानगडीत आपला संबंध कुठे येतो?"

प्रश्न झकास आहे. उत्तर असं, की एके काळी नगरला बंदर होतं. अलिबागजवळचं चौल. आजच्या रस्त्याने नगरपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, घाट उतरून. आणि त्या एका बंदराच्या गोष्टीत टॅरिफ, सप्लाय चेन, महासत्ता, सगळं येतं.

सुरुवात नगरपासूनच करू. मलिक अहमदने 1490 मध्ये बहमनी फौजेला हरवून निजामशाही सुरू केली आणि 1494 मध्ये सीना नदीकाठी शहर वसवायला घेतलं. पुढच्या चारच वर्षांत, 1498 मध्ये, वास्को द गामा कालिकतला उतरला. म्हणजे आपलं शहर आणि हिंदी महासागरातलं पोर्तुगीज प्रकरण जवळपास एकाच वयाचे.

चौलला तेव्हा अरबस्तान, इराण, गुजरात, मलबार अशी सगळीकडची जहाजं लागायची. 1508 मध्ये याच बंदरात इजिप्तच्या सुलतानाचं आणि दीवच्या मलिक अयाझचं आरमार एका बाजूला आणि पोर्तुगीज दुसऱ्या बाजूला अशी मोठी लढाई झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा त्यात मारला गेला. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी दीवला त्याचा बदला घेतला. इथे गंमत बघा. बंदर आपलं, पण त्यात लढणारे दोघंही बाहेरचे. आपल्याकडे आरमारच नव्हतं.

आता घोड्यांचं बघू. दख्खनची लढाई म्हणजे घोडदळ, आणि चांगला घोडा यायचा अरबस्तान-इराणकडून, समुद्रमार्गे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1515 मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ घेतलं. घोडा जिथून निघतो ते टोक त्यांचं आणि जिथे उतरतो ते टोकही त्यांचं! वर समुद्रात जहाज न्यायचं तर त्यांचा परवाना घ्यायचा. त्याला म्हणायचे कार्ताझ. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त.

नगरच्या तख्तावर तेव्हा तरुण बुरहान निजामशहा होता. उत्तरेला गुजरातची सल्तनत, दक्षिणेला विजापूरची आदिलशाही, दोघंही टपलेले. त्याने 1521 मध्ये पोर्तुगीजांशी करार केला. तुम्ही आमच्या चौलला किल्ला बांधा, आम्हाला घोडे आणू द्या. आज आपण रेवदंड्याला जो पडका कोट बघतो, त्याची ही सुरुवात.

हा करार मूर्खपणाचा होता का? मला नाही वाटत. परराष्ट्र धोरणात एक विचार आहे, त्याला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात. मराठीत आपण लगेच 'पुराणमतवादी' म्हणतो, पण इथे अर्थ 'जपून चालणारा' असा घ्या. आपली ऐपत आधी बघायची, नको त्या लढाईत उडी घ्यायची नाही, हातात आहे ते आधी सांभाळायचं. आपल्या आज्ज्या हेच सांगतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. बुरहानने तेच केलं. समुद्रावर लढता येत नाही, तर सौदा करा आणि वेळ विकत घ्या.

प्रश्न असा, की विकत घेतलेल्या वेळेचं केलं काय?

नगर आणि विजापूर पुढची कित्येक वर्षं सोलापूरच्या किल्ल्यावरून भांडत राहिले. 1524 मध्ये आदिलशहाची बहीण बुरहानला दिली, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून द्यायचं ठरलं होतं, ते मिळालं नाही, म्हणून. बरं, नगरला तंत्रज्ञान जमत नव्हतं असंही नाही. विजापूरला जाऊन लोक ज्या 'मुलुख-ए-मैदान' तोफेसोबत सेल्फी काढतात, ती 1549 मध्ये नगरला ओतली गेली, एका तुर्की कारागिराच्या देखरेखीखाली. काही टन वजनाची तोफ ओतता येत होती, बाहेरचा माणूस आणून विद्या शिकता येत होती. पण लढाऊ जहाजं बांधायचं कुणी मनावर घेतलं नाही. घोडे येत होते ना, मग कशाला?

हे मला फार जवळून कळतं. मी कोडिंग करून पोट भरतो. माझ्या आधीच्या टीमचा एकच परदेशी क्लायंट होता. सगळं मस्त चाललं होतं, म्हणून दुसरा शोधायची कुणाला घाई नव्हती. एका सोमवारी क्लायंटने काम थांबवलं आणि महिन्याभरात आमची टीमच उरली नाही. आमच्या धंद्यात याला व्हेंडर लॉक-इनचा भाऊ म्हणता येईल. सवय होते आणि सवयीलाच आपण मैत्री समजतो.

निजामशाहीला जाग आली ती 1570 मध्ये. मुर्तझा निजामशहा, विजापूरचा आदिलशहा आणि कालिकतचा सामुद्री यांनी मिळून पोर्तुगीजांवर एकदम हल्ला केला. नगरच्या फौजेने चौलला वेढा घातला. फौज अफाट, आतले पोर्तुगीज मूठभर. तरी 1571 च्या पावसाळ्यापर्यंत झुंजूनही कोट पडला नाही आणि शेवटी तह झाला, जैसे थे. इतिहासकार फिरिश्ता, जो स्वतः नगरला वाढला, लिहितो की निजामशाहीचे अधिकारीच फितले होते. पोर्तुगीजांकडून दारू आणि नजराणे घ्यायचे आणि रात्री आत धान्य पोचू द्यायचे. पन्नास वर्षांत नुसता कोट उभा राहिला नव्हता, त्या कोटावर पोट भरणारी आपली माणसंही तयार झाली होती. मला विचाराल तर खरी हार ती.

दुसरा बुरहान निजामशहा आला, त्याने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधून पोर्तुगीजांचं नाक दाबायचा प्रयत्न केला. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तोही जिंकला. कोर्लई गावात आजही काही घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. पुढे 1600 मध्ये नगरचा किल्ला मुघलांकडे गेला आणि 1636 मध्ये निजामशाही संपली.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण समुद्रावरचा मालकही बदलत होता. 1622 मध्ये इराणच्या शहाने इंग्रजांच्या मदतीने पोर्तुगीजांचं होर्मुझ काढून घेतलं. डच आले, सुरतेला इंग्रज स्थिरावले. ज्याच्याशी कायमचा सौदा केला, तो स्वतःच कायमचा नव्हता!

हा सगळा धडा मराठीत कुणी लिहून ठेवला असेल, तर रामचंद्रपंत अमात्यांनी. 1715 च्या सुमाराची त्यांची 'आज्ञापत्र' वाचा. अमात्य व्यापाराच्या विरोधात अजिबात नाहीत. सावकार ही राज्याची शोभा आहे, त्यांना जपा, बाहेरून बोलवा, असं ते सांगतात. पण टोपीकरांबद्दल ते सावध करतात. हे इतर व्यापाऱ्यांसारखे नाहीत, यांच्यामागे एकेक राजा उभा आहे. त्यांना येऊ-जाऊ द्या, वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रापासून आत द्या, खाडीच्या तोंडावर देऊ नका, मजबूत इमारत बांधू देऊ नका. थोडक्यात, दार उघडं ठेवा, चावी देऊ नका. बुरहानने 1521 मध्ये नेमकी चावी दिली होती.

शिवाजी महाराजांनी आरमार उभारलं ते यासाठीच. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि 1740 च्या तहात चौलही मराठ्यांकडे आलं. दोनशेहून जास्त वर्षांनी चावी परत मिळाली.

आणि मग आपण काय केलं? 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांचं, म्हणजे आपलंच, आरमार विजयदुर्गला बुडवलं. घरातलं भांडण मिटवायला बाहेरचा पाहुणा बोलावला. 1802 च्या शेवटी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजी फौज घरात घेतली. आणि 1803 च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून एक किल्ला जिंकला. कुठला? आपला, नगरचा.

तर पाथर्डीच्या मित्रा, समुद्रापासून अडीचशे किलोमीटर आत असूनही समुद्र आपल्या किल्ल्याच्या दारात आला होता.

आज टॅरिफच्या बातम्या आल्या की दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, सगळ्यांशी व्यापार बंद करा. दुसरं म्हणतं, मोठा देश आहे, तो म्हणेल ते मान्य करा. अमात्यांचा सल्ला या दोन्हींत बसत नाही. व्यापार भरपूर करा, पण एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच सप्लायरवर घर चालवू नका. सौदा करून वेळ मिळाला, तर त्या वेळात आपलं जहाज बांधा. देशाला लागू आहे, टीमला लागू आहे, एकाच व्यापाऱ्याला सगळा कांदा घालणाऱ्यालाही लागू आहे.

कधी रेवदंड्याला गेलात, तर बीचवरून थोडं वळून त्या कोटाच्या भिंतीपाशी जा. ती जागा आपल्या नगरच्या सुलतानाने दिली होती, घोड्यांच्या बदल्यात.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमचे प्रश्न पाठवत राहा, पाथर्डीवाल्यासारखे.