वाडा जपायचा की वस्ती? पुण्याच्या पेठा आणि जपानमधील सामुराईंची घरे

पुणे : पेशवाईतील सरदार व मुत्सद्द्यांची नावे पुण्याच्या पेठांनी आजही जपली आहेत. सदाशिव पेठेला सदाशिवराव भाऊंचे, नाना पेठेला नाना फडणवीसांचे, तर रास्ता व घोरपडे पेठांना सरदार घराण्यांचे नाव आहे. मात्र त्या काळची वस्ती सलगपणे पाहता येईल, अशी गल्ली शहरात क्वचितच उरली आहे.

शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली. १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. तटबंदी आणि दिल्ली दरवाजा शिल्लक राहिला. नाना वाडा आणि दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबाग वाडा टिकून आहेत. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी आणि सागवानी खांब ही वाड्याची ओळख. परंतु येथे वारसा म्हणून संरक्षण मिळते ते प्रामुख्याने एकेका वास्तूला. शेजारचे खासगी वाडे वाढलेले वारस, जुनी भाडेकरार पद्धत आणि दुरुस्तीचा खर्च यांमुळे पाडले गेले व तेथे इमारती उभ्या राहिल्या.

जपानने वेगळा मार्ग निवडला. अकिता प्रांतातील काकुनोदाते येथे १६२० मध्ये वसलेल्या सामुराई वस्तीतील रुंद रस्ता, काळी लाकडी कुंपणे, घरांची प्रवेशद्वारे आणि चेरीची झाडे यांचे एकत्रित जतन झाले आहे. १९७५ मध्ये सांस्कृतिक वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन पारंपरिक वास्तुसमूहांना संरक्षण मिळाले आणि १९७६ मधील पहिल्याच यादीत काकुनोदातेचा समावेश झाला. या व्यवस्थेत क्षेत्र स्थानिक पालिका ठरवते, तर दर्शनी भागाच्या दुरुस्तीसाठी मालकांना अनुदान मिळू शकते. त्यामुळे आओयागी घराण्याचे निवासस्थान संग्रहालय झाले असले, तरी इशिगुरो घराण्याचे वंशज आपल्या घरात राहतात आणि घराचा काही भाग पाहुण्यांना खुला ठेवतात.

वस्तीचे एकत्रित जतन भारतालाही अपरिचित नाही. चंडीगडमधील सेक्टर १ ते ३० या पहिल्या टप्प्यातील निवासी घरांचे मजलानिहाय सदनिकांमध्ये रूपांतर करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी मनाई केली. ते शहर जेमतेम पाऊणशे वर्षांचे आहे. पुण्याच्या पेठा त्याहून कितीतरी जुन्या आहेत. तेथे मात्र उरलेल्या वाड्यांसोबत त्यांची गल्लीही जपायची का, हा निर्णय वाडे उभे आहेत तोवरच घेता येणार आहे.